कॉलेजला रामराम, अभ्यासिकेत मुक्काम

सकाळचे सात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेबाहेर चपलांचा ढीग. आत पंख्याची घरघर, प्लायवूडच्या आडोशाची टेबलं आणि प्रत्येकाच्या समोर चिकटवलेलं टाइमटेबल. गंमत बघा, यातले कितीतरी जण कॉलेजच्या टाइमटेबलला कंटाळूनच इथे आलेत!

मीही त्यातलाच. २०२२मध्ये सेकंड इयर इंजिनीअरिंग सोडलं. सबमिशन आणि अटेंडन्समध्ये दिवस संपतो, मग एमपीएससी कधी करणार, हा आपला फंडा. बाबा दोन दिवस बोललेच नाहीत. आईनं एवढंच विचारलं, "अरे, पण डिग्रीचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. राज्यसेवा असो की यूपीएससी, पदवी लागतेच. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. रोजच्या हजेरीची कटकट नाही, पदवी स्पर्धा परीक्षेला चालते. फक्त पुन्हा पहिल्या वर्षापासून. इंजिनीअरिंगची दोन वर्षं गेली ती गेलीच. (बारावीच्या आधीच कॉलेज सुटलं असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म आहे.)

सुरुवातीचे सहा महिने जाम सही गेले. मग कळलं, आपण आज किती वाचलं हे विचारणारं कुणीच नाही. बहुपर्यायी प्रश्न होते तोवर ठीक होतं. उत्तरतालिका घ्या, स्वतःच मार्क द्या. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०२३मध्ये आयोगानं नवी पद्धत २०२५पर्यंत पुढे ढकलली. घोषणा द्यायला मीही होतो. राग आयोगावर होता. खरी भीती वेगळीच होती. एकट्यानं लिहिलेलं उत्तर तपासणार कोण?

शेवटी आम्ही चौघं जमलो. त्यातली एक आयटीतली नोकरी सोडून आलेली, त्यामुळे डेडलाइनच्या बाबतीत एकदम खडूस. दर रविवारी अमृततुल्यच्या बाकड्यावर वह्यांची अदलाबदल, लाल पेन, उशिरा येणाऱ्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. म्हणजे हजेरी आलीच की!

परवा तिनं माझ्या तीन पानी उत्तराखाली दोनच शब्द लिहिले, 'मुद्दा कुठंय?' कॉलेजच्या सरांनीसुद्धा इतकं सोलून काढलं नव्हतं. घरी येऊन तेच उत्तर पुन्हा लिहायला घेतलं.