गोयी कमी पडते तेव्हा

अकोल्याहून मेळघाटातून खांडव्याला जाणारी मीटरगेज आठवते? तीच लाइन पुढे इंदूर, रतलाम, मंदसौर करत नीमचला जायची. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून मॉर्फिन काढतात. खर्ऱ्यानं तोंडाचा कर्करोग झालेल्या वऱ्हाडातल्या माणसाला रात्रीची झोप मिळते, ती या औषधानं. इर्विन, सर्वोपचार, मग नागपूर अशा दवाखान्यांच्या फेऱ्या मारलेल्या घरात काही आठवड्यांनी प्रश्न निघतो : "डोस वाढोला, म्हंजे बाबाले नशा लागली का, भाऊ?"

उत्तर चेतापेशीवरच्या म्यू रिसेप्टर नावाच्या दारात आहे. अफूचे रिसेप्टर 1973 साली सापडले. 1975 साली ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारं एन्केफॅलिन शोधलं. म्हणजे हे दार शरीरानं स्वतःच्या औषधासाठी बसवलेलं. अफूला ते आयतं मिळालं. मॉर्फिन तिथं चिकटलं की पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत यायचं थांबतं, सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या कमी होतो. पेशी गप्प बसते आणि वेदनेची खबर पुढे जात नाही.

पण रोज गप्प बसवलेली पेशी आपली घडी पुन्हा बसवू लागते. काही एन्झाइमं रिसेप्टरला फॉस्फेट जोडतात, मग अरेस्टिन हे प्रथिन येऊन त्याचं काम अडवतं; काही रिसेप्टर तर आतच ओढले जातात. शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी 1975 मध्येच प्रयोगशाळेतल्या पेशींत पाहिलं, की मॉर्फिन चालू असताना पेशी निरोप्या बनवायची यंत्रणाच वाढवते. म्हणून तेवढ्याच आरामाला जास्त औषध लागतं. औषध एकदम तोडलं, की ही वाढीव यंत्रणा मोकाट सुटते : घाम, जुलाब, अंगदुखी.

शरीराच्या या सवयीला व्यसन म्हणणं रुग्णावर अन्याय आहे. नुकसान दिसत असूनही ओढ न सुटणं, ते व्यसन. शिवाय डोस पुष्कळदा गाठ वाढल्यामुळंही वाढतो. आतड्याला मात्र मॉर्फिनची सवय जवळपास होतच नाही. बद्धकोष्ठतेचं औषध रोज चालूच ठेवावं लागतं.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन दवाखान्यांतून दुर्मीळ केलं. 2014 च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली. घरातली भीती आपणच घालवायची आहे. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी बाबांना द्या. आणि काही दिवस खंड पडला असेल, तर जुना डोस स्वतःहून सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा : सवय उतरलेल्या शरीरात तोच डोस श्वास थांबवू शकतो.