दोन बाइटांची खूण

ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचे कौतुक तिच्या पाच स्लॉटांपाशी येऊन थांबते. हवे ते कार्ड खोचा, यंत्र वाढवा. पण स्लॉट म्हणजे नुसती जागा. कार्डाचे ऐकणारे कुणी हवे. एप्रिल किंवा ऑक्टोबर १९८१चा बायॉस (यंत्र सुरू करणारा, रॉममधला प्रोग्रॅम) असलेल्या पीसीत हार्ड डिस्कचे कंट्रोलर कार्ड नीट बसते, त्याला वीजही मिळते, तरी बूट होताना यंत्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. फ्लॉपी नसली की ते कॅसेट बेसिकवर जाऊन थांबते. २७ ऑक्टोबर १९८२च्या बायॉसने हे बदलले. तो सी८००० या पत्त्यापासून दर २ किलोबाइटवर ५५ आणि एए हे हेक्स बाइट शोधतो. खूण पटली की तिसऱ्या बाइटवरून रॉमची लांबी कळते. सगळ्या बाइटांची बेरीज २५६ने नि:शेष भागली गेली, तरच चौथ्या बाइटपासूनचा कोड चालू होतो. मग कार्ड जे करते ते मला विलक्षण सुंदर वाटते: फ्लॉपीची सेवा मागवण्याचा इंटरप्ट १३एच ते स्वतःकडे घेते, फ्लॉपीची जुनी सेवा ४०एचवर हलवते आणि बूट करणारा १९एचही बदलते. मदरबोर्डच्या बायॉसला हार्ड डिस्क म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीतली १० मेगाबाइटची डिस्क अशी बूट होते. कार्डावर रॉम ठेवण्याची कल्पना ॲपल टूमध्ये आधीच होती, हा आक्षेप खरा आहे. पण १९७७च्या ॲपल टूमध्येही स्लॉट होतेच, आणि डिस्कवरून बूट करायला हाताने आज्ञा टाइप करावी लागे. ऑटोस्टार्ट रॉम आल्यावर यंत्र आपणहून स्लॉट तपासू लागले. म्हणजे तिथेही दार उघडले ते रॉमने.

म्हणूनच हार्ड डिस्क चालावी यासाठी जुन्या पीसीचा बायॉस बदलून १९८२चा बसवला की तिचे अस्सलपण जाते, हे मला पटत नाही. चिप सॉकेटमध्ये असते; मूळची काढून जपून ठेवता येते. अडचण वेगळीच आहे. सॉकेट २४ पिनांचे आणि सहज मिळणारी २७६४ ईप्रॉम २८ पिनांची, त्यामुळे मध्ये ॲडॅप्टर लागतो. एक्सटीचा वीजपुरवठा १३० वॉटचा, पीसीचा जेमतेम ६३.५ वॉटचा, त्यावर जुनी जड डिस्क फिरवणे धोक्याचे. एक्सटी-आयडीई कार्ड आणि कॉम्पॅक्टफ्लॅश वापरले तर वीज वाचते, पण दोन कार्डांचे रॉम एकाच पत्त्यावर आले की दोन्ही अडतात. आणि कार्डावरच्या ईप्रॉममधला विद्युतभार वर्षानुवर्षे झिरपतो. एक बिट उलटला तरी बेरीज चुकते, पडद्यावर पत्ता आणि ‘रॉम’ एवढेच उमटते, आणि धडधाकट डिस्क न वाचताच यंत्र पुन्हा फ्लॉपी शोधू लागते.