'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला काय सांगायचं?

प्लेसमेंटचा सीझन आला की होस्टेलमध्ये एकच रेझ्युमे पेन ड्राइव्हवरून रूम टू रूम फिरतो. नाव बदला, पॉइंटर बदला, झालं! 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' ही ओळ पहिल्यांदा कोणी लिहिली देव जाणे, पण सगळ्यांची तीच. मग इंटरव्ह्यूत "टेल मी अबाउट युवरसेल्फ" आलं की आपण तोच कागद घडाघडा म्हणून दाखवतो. अहो, तो कागद समोरच्याच्या हातात असतोच की! त्याला हवी असते त्यातली जोडणी. हा मुलगा इथवर कसा पोचला आणि नेमका आमच्याच दारात का आला?

डहाणू-तलासरीकडच्या आम्हा मुलांची यात आणखी एक पंचाईत असते. काही जण गाव लपवतात, "निअर मुंबई" म्हणून मोकळे होतात. काहींना कोणीतरी प्रेमाने सल्ला देतं, "तू आदिवासी भागातला ना, मग गरिबीवर बोल, इम्प्रेशन पडेल." दोन्हीकडे आपली गोष्ट आपल्या हातून जाते.

(माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

आपल्याच भागातली दोन माणसं बघू. गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यावरचा जवळपास प्रत्येक लेख एकाच प्रसंगाने सुरू होतो. लहानपणी आई गेली, मुलगा बोलेनासा झाला आणि मातीत रेघोट्या काढू लागला. वाचून गलबलतं, खरंय. पण लहानपणी आई गेलेली माणसं पुष्कळ असतात. जिव्यांची खरी गोष्ट त्याच्यापुढे आहे. वारली चित्रं तेव्हा लग्नाच्या वेळी, घराच्या भिंतीवर, सुवासिनी काढायच्या. हा पुरुष असून आणि घरात लग्न नसतानाही रोज काढू लागला. मग भिंत सोडून कागदावर, कापडावर आला. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंपरा कुठे मोडली आणि कुठे धरून ठेवली, हे त्यात दिसतं.

दुसऱ्या अनुताई वाघ. यांनी मात्र आपली गोष्ट स्वतःच लिहिली, 'कोसबाडच्या टेकडीवरून'. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. एवढ्यावरच कोणी थांबलं तर फक्त हळहळ वाटेल. पण 1945 पासून ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला जे केलं, ते आपण इंजिनिअरांनी नीट बघण्यासारखं आहे. मुलं शाळेत येत नाहीत. का? गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणावर न्यायची! तीच कुरणशाळा. अडचण काय दिसली, कारण काय सापडलं, काय करून पाहिलं. याला आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात.

आता हेच आपल्याला लावू. समजा, चिंचणीकडचा एक मेकॅनिकलचा मुलगा आहे. त्याचं नेहमीचं उत्तर: "माय फादर इज सेल्फ-एम्प्लॉइड, माय हॉबीज आर क्रिकेट अँड म्युझिक." त्याऐवजी तो असं म्हणाला तर? "आमच्याकडे दागिन्यांच्या डाय बनतात. बारावीपर्यंत मी सुट्टीत बाबांबरोबर कामाला बसायचो. काही डाय लवकर का झिजतात हा प्रश्न तिथेच पडला. थर्ड इयरला हीट ट्रीटमेंट शिकलो तेव्हा उत्तराचं टोक हाती लागलं, म्हणून मिनी प्रोजेक्टला वेगवेगळ्या पोलादांचा हार्डनेस मोजला. तुमच्याकडे टूल रूम आहे, म्हणून अर्ज केला." मिनिटभराचं बोलणं, पण घर, प्रश्न, अभ्यास आणि कंपनी एका दोऱ्यात आली. क्रिकेट राहिलं तर राहिलं.

आणि अडचणी? त्या लपवायच्या नाहीत, पण त्यांनी एखादा निर्णय समजत असेल तिथेच सांगायच्या. बाबा आजारी म्हणून एक वर्ष ड्रॉप गेला असेल तर सरळ सांगा, आणि त्या वर्षी चिकूची वाडी तुम्ही सांभाळली असेल तर तेही सांगा. तोडणीला माणसं कशी जमवली, माल कुठे पाठवला, भाव पडला तेव्हा काय केलं. नसलेलं मात्र घालू नका. पुढचे दोन प्रश्न त्यावरच येतात आणि मग घाम फुटतो.

लिहिताना पहिला खर्डा घरी बोलता त्या भाषेत काढा, मग इंग्रजी करा. इंग्रजीत सुरुवात केली की तीच ती 'हार्डवर्किंग', 'डेडिकेटेड' वगैरे विशेषणं आपोआप उतरतात (कॉन्व्हेंटवाल्यांना तर जास्तच!). एमएससाठी एसओपी लिहिणाऱ्यांना जागा जास्त मिळते, पण दोरा तोच ठेवा. त्यात शेवटी त्या कॉलेजातली कुठली लॅब आणि कुठलं काम आवडलं, हे नावानिशी लिहा, नाहीतर एकच एसओपी दहा ठिकाणी पाठवलाय हे लगेच कळतं.

आणि पत्त्यात आगर, तालुका डहाणू असं स्वच्छ लिहा. "हे कुठे आलं?" असं विचारलं तर बरंच झालं. पुढची पाच मिनिटं त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असलेल्या विषयावर जातात.