35 हजारांचा मोसम

टोरांटोच्या जुन्या मेपल लीफ गार्डन्स इमारतीत आता खाली भाजी-किराण्याचं सुपरमार्केट आहे आणि वर आइस हॉकीचं रिंक. 2024च्या हिवाळ्यात मी तिथे जाऊ लागले ते ऑफिसात कानावर पडलेल्या एका आकड्यामुळे. बायकांच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे पीडब्ल्यूएचएलमध्ये, किमान पगार 35 हजार अमेरिकी डॉलर. वर्षाचा! या शहरात घरभाडं आणि कर गेल्यावर त्यातलं उरणार किती?

सहा संघ, प्रत्येकी 24 सामने. 1 जानेवारीला पहिलाच सामना इथे झाला आणि न्यूयॉर्कने टोरांटोला 4-0 धुतलं. जर्सीवर नुसतं शहराचं नाव. संघांना नावं द्यायलाही सवड मिळाली नव्हती.

काचेलगत बसलं की टीव्हीवर न दिसणारं दिसतं. एकेक पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची. तेवढ्यात जीव खाऊन पळायचं, धापा टाकत कठड्यावरून बाहेर, की दुसरी आत. चौथ्या फळीतली एक मुलगी माझ्या डोळ्यांत भरली. गोलसाठी नाही, संघात एक खेळाडू कमी असताना तिला पाठवत. एकदा सणसणत आलेला पक, म्हणजे रबरी चकती, तिने नडगीवर घेतला. पॅड असतं, तरी खट्‌कन आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. लंगडत बाकावर गेली, स्केट दोनदा आपटला आणि पुढच्या पाळीला पुन्हा आत.

"35 हजार," शेजारच्या बाई म्हणाल्या.

त्या आधीच्या कॅनेडियन लीगमध्ये खेळलेल्या. 2007 साली सुरू झालेल्या त्या लीगमध्ये पहिली दहा वर्षं पगारच नव्हता. 2019 मध्ये ती बंद पडली. दिवसा नोकरी, रात्री सराव. त्यामुळे तोच आकडा त्या कौतुकाने उच्चारत आणि मी चिडून. एप्रिलमध्ये माँट्रियलला टोरांटोविरुद्धच्या सामन्याला 21,105 प्रेक्षक आले, बायकांच्या हॉकीतला तोवरचा उच्चांक. मी म्हटलं, आता तरी पगार वाढवा. "आधी दुसरा मोसम तर होऊ दे," बाई म्हणाल्या. मला काही ते पटलं नाही. पक काय नडगीवर उधारीने बसतो?

साखळीत टोरांटो पहिलं. पहिल्या संघाला उपांत्य फेरीतला प्रतिस्पर्धी निवडायची मुभा होती. त्यांनी ओळीने पाच सामने हरून आलेलं मिनेसोटा निवडलं, पहिले दोन सामने जिंकलेही. तिसऱ्यात टोरांटोच्या नॅटली स्पूनरचा गुडघा दुखावला. 20 गोल, लीगमध्ये सर्वाधिक. मोसम सुरू झाला तेव्हा तिचं मूल नुकतंच वर्षाचं झालेलं. उरलेले तिन्ही सामने मिनेसोटाने मारले आणि 29 मे रोजी अंतिम फेरीत बॉस्टनला हरवून लीगचा वॉल्टर कपही नेला.

त्यानंतर बाई भेटल्या तेव्हा पगाराचा विषय निघालाच नाही. मिनेसोटा निवडायची अक्कल नेमकी कोणाची, एवढंच त्या विचारत होत्या.