नवं मूल आणि जुना वर्ग



बालसाहित्यात एक ओळखीचा प्रकार आहे. एखादं मूल आपलं गाव किंवा देश सोडून परक्या ठिकाणी येतं. तिथली भाषा त्याला येत नाही, त्याचं नाव कोणाला धड उच्चारता येत नाही, आणि त्याच्या डब्याकडे बघून शेजारचं मूल नाक मुरडतं. मग हळूहळू ते तिथं रुळतं. इंग्रजीत अशा पुस्तकांचं मोठं दालन आहे. आपल्याला हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून देवासला आणि धारला आले. त्यांच्याबरोबर लहान मुलंही आली असतील. बखरीत सरदारांची नावं सापडतात. माळवीचा एक शब्दही न कळणारं सहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी कोणाशी खेळलं, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. ती जागा गोष्टींनीच भरायची असते.

आज मला या गोष्टींचं एकच अंग उलगडून दाखवायचं आहे. नव्या मुलाचा परकेपणा संपतो, तो नेमका कशामुळे? लेखकांनी याची तीन निरनिराळी उत्तरं दिली आहेत.

पहिलं उत्तर पराक्रमाचं. मराठीतलं जवळचं उदाहरण म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. भागवतांचा जन्म 1910 साली आपल्या शेजारच्या इंदूरचा, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. त्यांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो. देश बदलत नाही, भाषाही तीच. पण खेड्यातलं मूल शहरात आलं की काही प्रमाणात परदेशीच असतं. बनेश सायकल हाणतो, चोरांचा माग काढतो, अडचणीत उडी घेतो आणि सगळ्यांचा लाडका होतो. फुरसुंगीचा बनेश पुण्यात ‘फास्टर’ होतो. मुलांना हे फार आवडतं, आणि आवडावंच. पण अशा गोष्टींत एक अट लपलेली असते: नव्या मुलानं काहीतरी मोठं करून दाखवलं, तर आम्ही त्याला आपलं म्हणू. ज्याला सायकल येत नाही, जे भित्रं आहे, ज्याला फक्त गप्प बसता येतं, त्या मुलानं काय करावं?

दुसरं उत्तर परत जाण्याचं. योहाना श्पिरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ 1880-81 मध्ये दोन भागांत आली. आल्प्सच्या डोंगरात आजोबांजवळ राहणाऱ्या हायडीला तिची मावशी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला, एका श्रीमंत घरातल्या आजारी मुलीच्या सोबतीला नेऊन ठेवते. खायला-ल्यायला कमी नाही. पण तिचं नाव बदलून भारदस्त केलं जातं आणि तिच्या रडण्याला तिथं जागा नसते. गावाकडच्या म्हाताऱ्या आजीसाठी तिनं कपाटात साठवलेले मऊ पाव फेकून दिले जातात. काही दिवसांनी घराचं पुढचं दार रोज सकाळी उघडं सापडू लागतं. नोकरांना भुताटकी वाटते. घरमालक आणि त्यांचे डॉक्टर मित्र रात्रभर पहारा करतात, तेव्हा दिसतं की हायडी झोपेत चालत दारापर्यंत येते आहे.

डॉक्टरी पेशामुळे मला या प्रसंगाचं विशेष वाटतं. घरच्या ओढीला आजार मानण्याची परंपरा स्वित्झर्लंडमध्येच सुरू झाली. योहानेस होफर यानं 1688 मध्ये बाझलला सादर केलेल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो याच दुखण्यासाठी. आमच्या होमिओपॅथीच्या औषधग्रंथांतही घरच्या ओढीनं झोप उडालेल्या, गाल लाल झालेल्या रोग्यासाठी कॅप्सिकम सांगितलं आहे. कॅप्सिकम म्हणजे आपली मिरचीच. पण गोष्टीतला डॉक्टर पुडी देत नाही. मुलीला लगेच डोंगरात परत पाठवा, असं तो सांगतो. त्याचं निदान अचूक आहे. फक्त त्याचा इलाज सगळ्यांना परवडणारा नाही. बापाची नोकरी न्यू जर्सीत आहे, किंवा गावाकडे पोटापुरतं पिकत नाही, त्या मुलाला परत कुठं पाठवणार?

म्हणून तिसरं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. एलिनॉर एस्टिस या अमेरिकन लेखिकेची ‘द हंड्रेड ड्रेसेस’ ही गोष्ट 1944 ची. आपल्याकडे ती कित्येक वर्षं एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात होती. आपल्यापैकी काहींच्या मुलांनी तिचे प्रश्नोत्तर पाठ केले असतील. वांडा पेट्रॉन्स्की ही पोलिश घरातली मुलगी रोज एकच विटका निळा फ्रॉक घालून शाळेत येते आणि घरी शंभर फ्रॉक आहेत म्हणून सांगते. पेगी नावाची मुलगी रोज तिला त्या फ्रॉकांबद्दल विचारून हसं करते. पेगीची मैत्रीण मॅडी हे बघत उभी राहते. मॅडी स्वतः गरीब आहे, पेगीचे जुने कपडे वापरते. बोललो तर उद्या आपली पाळी येईल, या भीतीनं ती गप्प राहते.

पुढे चित्रकलेच्या स्पर्धेत वांडाचे शंभर फ्रॉक भिंतीवर लागतात. ती चित्रं होती! वांडा पहिली येते. पण बक्षीस घ्यायला ती वर्गात नसते. तिच्या वडिलांचं पत्र येतं: नावावरून कोणी हसणार नाही अशा मोठ्या शहरात आम्ही जातो आहोत. म्हणजे इथं पराक्रम झाला, आणि तरीही उशीर झाला. या गोष्टीत बदलते ती मॅडी. पुन्हा असं होताना आपण गप्प उभं राहायचं नाही, असं ती मनाशी ठरवते. लेखिकेनं प्रश्न नव्या मुलाच्या बाकावरून उचलून जुन्या मुलांच्या बाकावर ठेवला आहे.

आता आपण कोणत्या बाकावर आहोत? पिढ्यान् पिढ्या आपण स्वतःला दक्षिणेतून आलेले म्हणत आलो. पण टोंकखुर्दच्या शाळेत आपली मुलं आता जुनी आहेत. माळवी आणि हिंदी त्यांच्या जिभेवर आहे, मास्तर ओळखीचे आहेत. नवं मूल दुसरंच असतं: सोयाबीनच्या काढणीला झाबुआ-अलीराजपूरकडून आलेल्या कुटुंबाचं, घरी भिली बोलणारं, महिना-दोन महिने वर्गात बसून निघून जाणारं. आणि त्याच वेळी आपली नातवंडं पुण्यात, बंगळूरला किंवा सातासमुद्रापलीकडे वांडाच्या जागी बसलेली असतात. बारा कोसांवर भाषा बदलते, हे आपण सहज म्हणून जातो. त्या बारा कोसांची किंमत पहिल्यांदा मूल मोजतं.

इथं पालकांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. नव्या भाषेत पडलेली पुष्कळ मुलं काही आठवडे, कधी काही महिने, शाळेत जवळजवळ बोलतच नाहीत. ती त्या काळात ऐकत आणि साठवत असतात. या गप्पपणाला मंदपणा समजू नये, आणि घाबरून घरातली मराठी तर मुळीच बंद करू नये. घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा शिकायला तिचा आधारच होतो. मात्र मूल घरीही बोलेनासं झालं, त्याचं खाणं-झोपणं बिघडलं किंवा गप्पपणा लांबतच गेला, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावं. अशा वेळी पुडीवर विसंबू नये, माझ्याही.

शेवटी एक पुस्तक सुचवतो. ऑस्ट्रेलियाच्या शॉन टॅन यांचं ‘द अरायव्हल’ (2006) हे संपूर्ण पुस्तक चित्रांचं आहे, त्यात वाचायला मजकूर नाही. एक बाप परक्या शहरात येतो. तिथली अक्षरं, प्राणी, फळं सगळं चित्रकारानं मनानं रचलेलं, त्यामुळे वाचणाराही तिथं तितकाच नवा ठरतो. आजीला इंग्रजी येत नसलं आणि नातवाला मराठी वाचता येत नसलं, तरी दोघं ते मांडीवर घेऊन बघू शकतात. शेवटी त्या माणसाची बायको आणि मुलगीही तिथं येऊन पोचतात. अखेरच्या चित्रात हातात नकाशा घेतलेली एक नवी बाई रस्त्यात गोंधळून उभी आहे, आणि ती छोटी मुलगी बोट दाखवून तिला वाट सांगते आहे. नातवंडांबरोबर ते पान उघडाल तेव्हा त्यांना एवढंच विचारा: तुमच्या वर्गात या वर्षी नवं कोण आलं आहे, आणि त्याच्या शेजारी कोण बसतं?