आपल्या नावाचे खाते

नागपुरातील गांधीबागेच्या ठोक कापडबाजारात ज्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्यांच्या रोजमेळात गावोगावच्या गिऱ्हाइकांचे येणे-देणे पैपैसह नोंदलेले असते. परंतु त्याच पेढीमागच्या घरात, धाकट्यांच्या शिक्षणापासून वडीलधाऱ्यांच्या आजारपणापर्यंत सर्वांची तजवीज करण्यात उमेदीची वर्षे वेचणाऱ्या थोरल्या भावाच्या अथवा थोरल्या सुनेच्या नावाचे खाते मात्र कधी उघडलेलेच नसते. जबाबदाऱ्या ओसरल्यावर अशा माणसाने स्वतःकडे वळायचे मनात आणले, की काही जुन्या समजुती त्याची वाट अडवतात आणि त्यांतील बहुतेक निराधार आहेत.

स्वतःचा विचार म्हणजे स्वार्थ, ही त्यांतील सर्वांत बलवत्तर समजूत. शुल्झ आणि बीच या अमेरिकन संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्ध जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांचा चार वर्षे मागोवा घेतला, तेव्हा ज्यांना त्या शुश्रूषेचा ताण जाणवत होता त्यांच्यातील मृत्यूचा धोका, अशी शुश्रूषा न करणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ताण न जाणवणाऱ्यांत तशी लक्षणीय वाढ नव्हती. म्हणजे सेवा करणाऱ्याला विसावा देणे हा सेवेच्याच व्यवस्थेचा भाग होय.

घरातल्या बाईला उसंत असतेच, असेही सर्रास म्हटले जाते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात, ते करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला २८९ मिनिटे जातात, तर पुरुषांची ८८.

आणखी एक समजूत तर प्रकृतीवरच बेतते. सततचा थकवा म्हणजे कर्तव्याचे स्वाभाविक फळ, असे मानून तो मुकाट्याने सोसला जातो. वस्तुतः २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. तेव्हा थकव्यामागे रक्तक्षय तर नाही ना, हे पाहण्यासाठी प्रथम रक्त तपासून घ्यावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आता वय राहिले नाही, या सबबीला लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र हे माझ्या मते सर्वांत समर्थ उत्तर आहे. १८६८ साली जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि अत्यंत लहरी परंतु प्रतिभावान पतीचा संसार ओढता ओढता ज्यांची उमेदीची वर्षे सरली, त्या लक्ष्मीबाईंनी पती रेव्हरंड टिळकांचे १९१९ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पूर्ण केले, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये, म्हणजे वयाच्या पासष्टीनंतर, प्रसिद्ध झाला. आपली माणसे सोडल्यावाचून आपण सापडत नाही, ही समजूतही येथे आपोआप गळून पडते. कारण ज्या ग्रंथात त्यांचा स्वतःचा स्वर इतका निःसंकोच उमटला आहे, त्याची पाने त्याच नवऱ्याने आणि त्याच संसाराने भरलेली आहेत.

मात्र विशीतली आपली मूर्ती कुठेतरी अखंड वाट पाहत असेल, अशी अपेक्षा धरू नये. पुष्कळांना आपल्याला काय आवडते हे प्रारंभी सांगताच येत नाही आणि त्यात काहीही लाजिरवाणे नाही. भाजी कोणती, सहल कुठली, साडीचा रंग कोणता, या प्रश्नांना वर्षानुवर्षे ‘तुम्ही म्हणाल ते’ असे उत्तर दिल्यावर निवडीची सवयच मोडते आणि ती लहानसहान निवडींनीच पुन्हा जडते. बागेतला सकाळचा फेरफटका, अर्धवट सुटलेले गाणे, स्वतःच्या नावचे बँकखाते, यांपैकी कशानेही आरंभ होऊ शकतो.

घरच्यांनीही यास मंजुरी देण्याचा आव आणू नये, कारण हा त्या माणसाचा हक्कच आहे. आणि ज्यांनी आजवर सर्वांचे केले त्यांना माझी विनंती, की येत्या आठवड्यापासून दिवसातला एक तास आपल्या नावाने राखून ठेवा, आणि तो कशात घालवला याचा जाब कोणी विचारला, तरी देऊ नका.