त्यांना कोण सांगणार?

मार्चअखेरची गोष्ट. शाळेतून दुपारी घरी आले तर आमच्या चिरंजीवांच्या खोलीत पंखा गरगर फिरतो आहे, भर उन्हाचा दिवा जळतो आहे आणि चिरंजीव स्वतः गॅलरीत मोबाइल घेऊन बसलेले! नेहमीप्रमाणे मी तोंड सोडले. कोळसा, वीज, तापत चाललेली पृथ्वी, सगळे एका दमात सांगून टाकले. (अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. घरातही मला फळाच दिसतो.) त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"हा बघ आई, पर्यावरणावर भाषणं देणारा हीरो. बक्षीस घ्यायला खासगी विमानाने येतो नि खासगी विमानाने जातो. आधी त्याला सांग, मग माझा पंखा."

राग यायचा सोडून मला हसूच आले. तो हीरो म्हणजे लिओनार्दो डिकॅप्रिओ. 'टायटॅनिक'मधला म्हटले की माझ्या वयाच्या बायकांना वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्याला हवामानबदलासाठी शांतिदूत नेमले. २०१६ च्या फेब्रुवारीत ऑस्कर घेताना त्याने तापणाऱ्या पृथ्वीवर कळकळीचे भाषण केले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो फ्रान्समधल्या कान गावाहून खासगी विमानाने न्यूयॉर्कला गेला, पर्यावरणाचा एक सन्मान स्वीकारला आणि पुन्हा विमानाने कानला परतला, असे वर्तमानपत्रांनी छापले. आता यावर आई म्हणून मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी डबा खाताना शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा सांगितला आणि सगळ्याजणींना नुसता ऊत आला. एकीला इंग्लंडची नटी एमा थॉम्प्सन आठवली. २०१९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रस्त्यावर हवामानासाठी निदर्शने चालली होती, त्यात सामील व्हायला बाईसाहेब थेट लॉस एंजेलिसहून विमानाने आल्या. दुसरीने राजपुत्र हॅरीची आठवण काढली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या खासगी विमानप्रवासांवर गदारोळ झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तो ॲम्स्टरडॅममध्ये, पर्यावरण सांभाळून प्रवास कसा करावा यासाठीचा उपक्रम जाहीर करायला उभा! "आपण मेल्यांनी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या नि यांनी विमानं उडवायची," आमच्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "पण त्यांना कोण सांगणार?" असे म्हणत आम्ही डबे बंद केले. चटणीभाकरीपेक्षा ती चर्चाच जास्त चविष्ट लागली, हे कबूल करायला हवे.

यात एक मात्र मला तेव्हाही खटकले होते. ग्रेटा थनबर्ग ही तेव्हा स्वीडनची शाळकरी मुलगी होती. तिने विमान सोडले ते खरोखरच सोडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कला ती शिडाच्या होडीने गेली, दोन आठवडे समुद्रावर हेलकावे खात. तर लोकांनी काय शोधून काढावे? ती होडी परत आणायला खलाशी विमानाने जाणार आहेत! म्हणजे चुकणाऱ्याला तर सोडायचे नाहीच, पण न चुकणाऱ्याच्या पदरावरही कुठे डाग सापडतो का ते भिंग लावून पाहायचे. आपले ठेवायचे झाकून, दुसऱ्याचे पाहायचे वाकून. त्यात किती सुख आहे ते बायकांना मी वेगळे सांगायला नको, आणि पुरुषांना तर मुळीच नको.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती एका विजेच्या बिलाची हकिकत. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा पृथ्वीच्या तापण्यावरचा माहितीपट २००६ साली आला. २००७ च्या फेब्रुवारीत त्याला ऑस्कर मिळाले. (त्याच वर्षी पुढे गोरसाहेबांना हवामानाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाबरोबर शांततेचे नोबेलही मिळाले.) ऑस्करच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या टेनेसी राज्यातल्या एका संस्थेने त्यांच्या नॅशव्हिलच्या घराचे विजेचे आकडे जाहीर केले. २००६ या एका वर्षात सुमारे २ लाख २१ हजार युनिट! सर्वसाधारण अमेरिकन घराला वर्षाला लागतात १०,६५६ युनिट. म्हणजे वीसपट. गोरसाहेबांच्या माणसांनी उत्तर दिले की आम्ही जास्त पैसे मोजून प्रदूषण न करणारी वीज विकत घेतो, घरातूनच कचेरीही चालते. पुढे त्यांनी छपरावर सौरपट्ट्याही बसवल्या. पण हसे व्हायचे ते होऊन गेले.

बिल म्हटले की गृहिणीचे कान टवकारतात. मी आमची बिले काढून बसले. मागच्या महिन्यांचे आकडे त्यावर छापलेले असतातच. थंडीपावसात महिन्याला १३०-१४० युनिट, उन्हाळ्यात एसी सुरू झाला की तीनशेच्या आसपास. बारा महिन्यांची बेरीज २,३१० युनिट. भागाकार केला. गोरसाहेबांच्या एका घरात आमच्यासारखी पंच्याण्णव घरे बसतात! आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे. म्हणजे अशा चार इमारती एका माणसाच्या मीटरवर! रात्री जेवताना मी हे ऐकवले तेव्हा 'हे' खूश झाले. "बघ, आणि तू माझ्या गिझरवरून कटकट करतेस."

झोपताना मात्र दुसरा भागाकार डोक्यात आला. जो सर्वसाधारण अमेरिकन माणूस गोरसाहेबांना हसला, तो तरी किती जाळत होता? आमच्या साडेचारपट. त्याला ते जाणवलेही नसणार, कारण त्याची मान वर होती, गोरसाहेबांच्या बंगल्याकडे. आज भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन वायू हवेत जातो, अमेरिकेत माणशी चौदा टनांच्या आसपास. आपण त्यांच्याकडे बोट दाखवतो, ते बड्यांच्या विमानांकडे. आणि हे बोट दाखवणे खोटेही नाही बरं का! 'कार्बनच्या पाऊलखुणा' हा शब्द आपल्या तोंडी बसवण्यात मोठा हात होता एका तेल कंपनीच्या जाहिरातींचा. बीपी या कंपनीने २००४ साली लोकांना आपापल्या घरचा हिशेब मांडायला एक गणक उपलब्ध करून दिला. तेल विकणाऱ्याने आपल्याला विचारायचे, तुम्ही किती जाळता? हे म्हणजे हलवायाने दुकानाच्या दारात मधुमेहावर व्याख्यान द्यावे तसे. तेव्हा सगळा भार बायकांच्या कापडी पिशवीत टाकून मोकळे होणाऱ्यांवर माझा राग आहेच, आणि तो राहील.

पण राग वेगळा नि सबब वेगळी. माझ्याकडे काय होते ते मला लवकरच कळले.

मी आठवीला भूगोल शिकवते. एप्रिलमध्ये परीक्षेआधीच्या उजळणीचे दिवस होते. मुलांना सांगितले, घरचे मार्चचे विजेचे बिल आणा, आपण वर्गाची सरासरी काढू. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडे मांडले. माझाही मांडला, ३१२. आपल्याकडे बहुतेक वीज अजून कोळशातूनच येते, एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन वायू, हे सांगितले. गोरसाहेबांची गोष्ट रंगवून सांगितली. मुले खदखदून हसली. त्या हशाने चढून जाऊन मी विचारले, "असं बोलणारं एक नि वागणारं एक माणूस तुम्ही कुणी पाहिलंय का?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा ताडकन उठला. "बाई, हिच्या पत्र्यावर तुमच्या एसीचं पाणी पडतं. हिच्या आईचे पापड भिजतात."

'हिने' त्याला जोरात कोपर मारले आणि मान खाली घातली. तिच्या वहीला जोडलेले बिल मी आत्ताच फळ्यावर उतरवले होते. ५८ युनिट. घरात माणसे पाच.

आम्ही कल्याणला चौथ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची. इमारतीच्या मागे पत्र्याची बैठी चाळ आहे. त्या बाजूला सासूबाईंची खोली, म्हणून एसीचे बाहेरचे धूड तिकडच्या भिंतीवर. बसवणाऱ्याने पाण्याची नळी हातभर लोंबती सोडली होती. तीन उन्हाळे ती तशीच होती. मी ती कधी पाहिली नव्हती असे नाही. पाणी बाहेर पडते, एवढे मला पुरेसे होते.

त्या संध्याकाळी मी चाळीत गेले. आईने लगबगीने खुर्ची पुसून दिली. पत्र्यावर एका कोपऱ्यात उपडे घमेले ठेवलेले होते, पाण्याचा आवाज कमी व्हावा म्हणून. बाई उन्हाळ्यात उडदाचे पापड लाटून किलोवर विकतात. दुपारचे कडक ऊन म्हणजे त्यांची कमाईची वेळ, आणि आमचा एसीही नेमका तेव्हाच चालतो. ओल लागलेला पापड काळपट पडतो, तो गिऱ्हाइकाला देता येत नाही, घरी खायचा. शिवाय त्या धुडातून निघणारा गरम वारा सरळ त्यांच्या दारात उतरतो. खोली गार होते म्हणजे काय, तर आतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते, हे मी वर्गात आकृती काढून शिकवते. बाहेर म्हणजे कुणाच्या दारात, ते आकृतीत नसते.

"अहो, मग सांगायचं नाही का मला? वर यायचं एकदा," मी म्हटले.

त्या हसल्या. "तुम्ही पोरीच्या बाई. मोठ्या बिल्डिंगीतल्या. तुम्हाला कोण सांगणार?"

ते वाक्य ऐकून मला आमची डब्यांची खोली आठवली आणि बसायला दिलेली खुर्ची टोचू लागली.

घरी येऊन विषय काढला, तेव्हा 'ह्यां'चे म्हणणे, "आपला एक एसी बंद केल्याने बर्फ वितळायचं थांबणार आहे का?" नाही थांबणार. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. गच्चीखालची खोली दुपारी भट्टी होते, मागच्या वर्षी त्यांना भोवळ आली तेव्हापासून डॉक्टरांनीच खोली गार ठेवायला सांगितले आहे. एसी बंद करण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तसा आव आणून मी इथे लिहिणारही नाही. पण तो वीसवर कशासाठी चालत होता? विसावर लावून सासूबाई दोन चादरी पांघरून झोपत! मीच लावत होते, लवकर गार व्हावे म्हणून. वीसवर लावल्याने खोली काही लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ राबते. २०२० च्या जानेवारीपासून आपल्याकडे नवे एसी सुरुवातीलाच चोवीसवर लागलेले येतात, आणि एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सरकारचे ऊर्जा-कार्यक्षमता खातेच सांगते. आता आम्ही सव्वीसवर लावतो आणि पंखा हळू ठेवतो. जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुते, त्यात इतका भुगा निघतो की लाज वाटावी. गच्चीवर सासूबाईंच्या खोलीपुरता चुन्याचा पांढरा हात मारायला सोसायटीने बरीच खळखळ करून परवानगी दिली. पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो. सासूबाईंनीच सुचवले, "आमच्या गावी माडीवर मारायचे गं." त्यांना आधी विचारले असते तर!

नळी मात्र दुसऱ्याच दिवशी वाढवून घेतली. साधा पाइप, चार चिमटे, माणसाची तासाभराची मजुरी. ते पाणी आता खालच्या बादलीत जमते. आमचा रखवालदार ते जिने पुसायला वापरतो. तीन उन्हाळ्यांचे पापड मोजून द्यायची मला हिंमत झाली नाही. दोन किलो विकत घेतले, त्यांनी पैसे कमी घ्यायचा हट्ट केला, मी तो मोडला.

मेच्या बिलात २४८ युनिट आले. मी ते चिरंजीवांना दाखवले. "म्हणजे गोरसाहेबांना आता माफ?" त्याने विचारले. मी म्हटले, मुळीच नाही. त्यांचे त्यांना सांगणारे भेटोत, मला सांगणारे माझ्या पाठीमागच्या चाळीत आहेत. त्याचा पंखा अजून मधूनमधून फिरत राहतो. मी ओरडते, पण आधी सासूबाईंच्या खोलीत डोकावून येते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती मुलगी नववीत गेली होती. जिन्यात भेटली. मी विचारले, "काय गं, पाणी थांबलं ना?"

"हो बाई, थांबलं." जरा घुटमळली, मग म्हणाली, "वारा येतो अजून."